बावीस खोल्या, एकेचाळीस चुली

सोमवार, ३ डिसेंबर १९७३

आजपासून मी सरकारी माणूस. तीन महिन्यांपुरताच, पण शिक्का गोल आहे आणि त्याखाली माझी सही चालते. शिवशरण बिराजदार, सर्वेक्षक (तात्पुरता). कंसातला शब्द मी जरा बारीक लिहितो.

अरबांनी तेल अडवल्यापासून सोलापुरात रॉकेलचे हाल आहेत. बायका पहाटेपासून रांगेत डबे ठेवतात आणि डब्यांवरून भांडतात. म्हणून सरकारने थंडीपुरती मदत काढली आहे. घरात विजेचा दिवा नाही आणि महिन्याची मिळकत दोनशेच्या आत, अशा कुटुंबाला डिसेंबर ते फेब्रुवारी, रेशनच्या वरती, दरमहा पाच लिटर रॉकेल अर्ध्या भावात. एका कुटुंबाला एक चिठ्ठी. आता कुटुंब कशाला म्हणायचे, तेही कागदात दिले आहे. ज्यांची चूल एक ते कुटुंब एक, चूल वेगळी तर कुटुंब वेगळे. चूल सर्वेक्षकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी.

हे वाचून मला घरची आठवण आली. अक्कलकोटच्या पुढे तीन कोसांवर आमचे घर, सतरा माणसे आणि चूल एक. मोठ्या काकू भाकऱ्या थापतात, माझी आई, म्हणजे आमची अव्वा, भाजते, बाकीच्या बायका वाढतात आणि आम्ही खातो. अशा घरात वाढलेल्या माणसाला हे काम मिळाले, हे योग्यच झाले.

आमचे साहेब मानसिंग. मिशा मोठ्या, बोलणे कमी. म्हणाले, "बिराजदार, लोक सांगतील ते लिहू नका, दिसेल ते लिहा." मी म्हणालो, "साहेब, मला माणूस बघताच कळतो." ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. बहुधा खात्री पटली असावी.

बुधवार, ५ डिसेंबर

माझ्या वाट्याला संगप्पाची चाळ आली. गिरणीच्या मागे, बावीस खोल्या, मधे अंगण, एक नळ. बहुतेक मंगळवेढा, मोहोळकडची माणसे, पोटासाठी इथे आलेली. पुरुष गिरणीत, बायका विड्या वळतात. दोन-चार तेलुगू विणकरांची घरेही आहेत.

अंगणात उभे राहून मी सगळा नियम मोठ्या आवाजात वाचून दाखवला. चुलीचे वाक्य दोनदा वाचले, कारण मागे बसलेल्या बायकांना ऐकू गेले नव्हते. मग त्यांनी ते तिसऱ्यांदा वाचायला लावले. साध्या बायकांना सरकारी भाषेची एवढी गोडी असेल असे वाटले नव्हते.

पहिली खोली बजाबाईंची. साठीच्या, ठसठशीत, सगळी चाळ त्यांच्या शब्दाबाहेर नाही. दोन मुलगे, दोन सुना, पाच नातवंडे. मी विचारले, "चुली किती?"

"एकच की."

"मग चिठ्ठी एक."

"धा मान्सास्नी एकच?"

"चूल एक, चिठ्ठी एक."

बजाबाई जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "सायेब, आज लई गडबड हाय बगा. तुमी सोमवारी या की."

माणसांच्या अडचणी समजून घ्याव्यात म्हणून मी सोमवारी येतो म्हणालो.

सोमवार, १० डिसेंबर

आज जे पाहिले ते लिहिताना हात जड झाला आहे.

संगप्पाची चाळ फुटली. पाच दिवसांत! बुधवारी ज्या घरांत सुखासमाधानाने माणसे नांदत होती, तिथे आज भाऊ भावाचे तोंड बघत नाही. बजाबाईंच्या खोलीत मधोमध खडूची रेघ. रेघेच्या अलीकडे थोरला, पलीकडे धाकटा, आणि कोपऱ्यात बजाबाईंची तिसरी चूल.

"काय झाले हो?" मी विचारले.

"काय सांगू सायेब," बजाबाईंनी कपाळाला हात लावला. "दोगी सुना एका ताटातल्या, पर शुक्करवारी अशा भांडल्या, अशा भांडल्या! आन माजं तर दोगींशी बी पटंना. म्हून माजी बी येगळी."

दोन्ही सुना भिंतीकडे तोंड करून, तोंडात पदर कोंबून उभ्या होत्या. खांदे गदगदा हलत होते. इतके रडू! मला राहवेना. मी थोरल्याला म्हणालो, "अहो, पाठचा भाऊ तो." तो म्हणाला, "त्याचं नाव काडू नका माज्याम्होरं. आन त्याला सांगा, माजी काडेपेटी दे." धाकट्याने काडेपेटी माझ्या हातात दिली, मी ती रेघेपलीकडे दिली. सरकारी नोकराला काय काय करावे लागते.

आणखी आठ घरांत हीच कथा. चुली सगळीकडे ओल्या, नुकत्या सारवलेल्या. बोट लावले तर माती बोटाला आली. एवढ्या भांडणातही या बायकांनी स्वच्छता सोडली नाही, हे नमूद केले पाहिजे. दुसरी एक गोष्ट. सगळ्या चुलींवर आज पिठलेच होते, आणि ज्या पातेल्यात होते त्याचा एक कान तुटलेला. नऊही घरांत कान तुटकेच. सोलापुरात भांड्यांचे कान टिकत नाहीत असे दिसते.

मंगळवार, ११ डिसेंबर

आज नवरा-बायको.

नागम्मा विड्या वळते, तिचा नवरा मागावर बसतो. लग्नाला तीस वर्षे झाली. खोलीत दोरीवर लुगडे टाकून पडदा केलेला, अलीकडे तिची शेगडी, पलीकडे त्याची चूल.

"अय्यो सायेब, तीस वर्सं सोसलं," नागम्मा म्हणाली. "आता न्हाई होत."

मी खाली बसलो आणि तासभर समजावले. सप्तपदी, सुखदुःख, म्हातारपण, सगळे सांगितले. मधेच ती मला म्हणाली, "त्यास्नी सांगा, च्या निवतोय." मी पडद्याला सांगितले. पडद्यातून उत्तर आले, "तिला म्हनावं, दोन कप आन, सायेबाला बी दे." रागातही त्यांना माझी आठवण राहिली. चहा चांगला होता. मला मात्र गोड लागला नाही.

गुरुवार, १३ डिसेंबर

या काळोखात आज एक दिवा दिसला.

चाळीच्या टोकाला भीमा राहतो, गिरणीत बदली कामगार. बायको विजयमाला, एक मुलगी. त्यांच्या खोलीच्या भिंतीला टेकून पत्र्याचा आडोसा आहे, त्यात भीमाची आई गोजरबाई राहते. सत्तरीच्या पुढची, काटकुळी, पण नजर अशी की आपणच शाळेत उशिरा आलो असे वाटावे. आत तीन दगडांची चूल. काळी कुळकुळीत, खाली बोटभर राख. कोनाड्यात रॉकेलचा स्टो, कोरडा ठणठणीत, वर धूळ.

मी मनाची तयारी करून विचारले, "आजी, तुमचीही चूल वेगळी?"

म्हातारी ताठ बसली. "कुनी सांगितलं? मी ल्योकाकडं जेवते."

"मग ही चूल?"

"पानी तापवायची."

माझ्या डोळ्यांत पाणी आले. त्यात थोडा धुराचाही भाग असेल. चाळीत जो तो वेगळा होऊ बघतोय आणि ही म्हातारी छातीठोकपणे सांगते, आम्ही एक आहोत! मी विजयमालाच्या दारात जाऊन म्हणालो, "बाई, धन्य आहात. सासूबाई तुमच्याकडेच जेवतात ना?" ती भाकरी थापत होती. हात थांबले. मग म्हणाली, "त्या म्हनत्यात तर व्हय."

केवढी नम्रता! मी लिहिले: भीमा, कुटुंब एक, चूल एक, चिठ्ठी एक. आजचे जेवण खानावळीत असूनही गोड लागले.

शनिवार, १५ डिसेंबर

साहेबांना अहवाल दिला. बावीस खोल्या, एकेचाळीस चुली.

साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "बिराजदार, एवढा धूर जातो कुठून?"

मी म्हणालो, "साहेब, धुराचे सोडा, समाज कुठे चालला आहे ते बघा." आणि बजाबाईंची रेघ, नागम्माचा पडदा, सगळे सांगितले. साहेब खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसले. बऱ्याच वेळाने वळले तेव्हा रुमालाने डोळे पुसत होते. वरून कडक वाटतात, पण माणूस हळवा आहे.

चिठ्ठ्यांवर सह्या केल्या आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात मी स्वतः बघायला येतो. असली चाळ आयुष्यात बघितली नाही."

रविवार, २३ डिसेंबर

घरी जाऊन आलो. एका ओळीत सतरा माणसे जेवायला बसली, जीव निवला. मी मुद्दाम चाळीची गोष्ट सांगितली, म्हणजे पोरांवर संस्कार होतील. सगळे फार मन लावून ऐकत होते. जानेवारीपासून ही योजना तालुक्यांतही येणार, हेही सांगितले.

अव्वाने विचारले, "एका चुलीला किती लिटर म्हणालास?"

"पाच."

मोठ्या काकूंनीही विचारले. मग धाकट्या काकूंनी. घरच्या बायकांना माझ्या नोकरीत इतका रस आहे हे माहीत नव्हते.

शुक्रवार, २८ डिसेंबर

परवापासून थंडीने कहर केला आहे. सकाळी नळाखाली हात धरवत नाही. चिठ्ठ्यांचे रॉकेल पोचले का ते बघायला चाळीत गेलो. सगळीकडे स्टो फरफरत होते. बजाबाईंनी बोलावून चहा दिला. थोरला आणि धाकटा एकाच घोंगडीत बसले होते. मला बघून धाकटा उठून रेघेपलीकडे गेला. थंडीमुळे का होईना, वैर थोडे कमी होत आहे.

गोजरबाई आडोशाबाहेर उन्हात, अंगावर पोते घेऊन बसल्या होत्या. खोकत होत्या. शेजारी शेंगांच्या टरफलांचा ढीग, चाळभर फिरून गोळा केलेला. मी विचारले, हे कशाला? म्हणाल्या, "आसूंदे." आत डोकावलो तर तव्यावर भाकरी होती, खाली टरफले नुसती धुमसत होती.

"आजी, पाणी तापवायची चूल ना ही?"

"व्हय. भाकर कुत्र्याला हाय."

भाकरी एका बाजूने कच्ची होती. कुत्र्याला चालते म्हणा. त्यावर शेंगांची चटणी ठेवलेली दिसली. मुक्या प्राण्यावर एवढी माया! चाळीत कुत्रे मात्र मला कुठे दिसले नाही.

सोमवार, ३१ डिसेंबर

आज माझा विश्वास डळमळला.

विजयमाला नळावर घागर भरत होती. मला बघून पदर सावरून पुढे आली. "सायेब, त्यांची चिठ्ठी येगळी करा."

"कोणाची?"

"आत्याबाईंची. त्या आमच्यात जेवत न्हाईत. दोन वर्सं झाली. त्यांची चूल येगळी हाय, खरोखरची. राक बगा त्यांच्या चुलीतली. राती खोकत्यात ते भिंतीतनं ऐकू येतंय मला. त्यास्नी जळन न्हाय."

मी सुन्न झालो. हीच ती नम्र सून! शेजाऱ्यांना दोन-दोन चिठ्ठ्या मिळालेल्या बघून हिलाही मोह सुटला. तोही म्हाताऱ्या सासूच्या नावावर! राख काय, कोणीही आणून टाकेल. इतके दिवस मी सगळ्यांचे खरे मानले, पण फसवणूक मला लगेच कळते. मी स्पष्ट बोललो, "बाई, पाच लिटर रॉकेलसाठी खोटे बोलता? देवमाणसासारखी सासू मिळाली आहे तुम्हाला."

ती घागर तशीच अर्धी घेऊन गेली. नळ चालू राहिला, तो मी बंद केला.

तरी खात्री करावी म्हणून गोजरबाईंकडे गेलो आणि सुनेचे म्हणणे सांगितले.

"विजी आली हुती? तुमच्याकडं? माज्यासाटी?" म्हातारीने तीनदा विचारले. मग पोते गच्च ओढून घेतले. "खोटं हाय त्ये. माज्या भीमानं आईला येगळं टाकलं असं सरकारी कागदावर लिवनार तुमी? थंडीनं मेले तरी सांगनार न्हाय. एक लिवा."

म्हणजे माझेच बरोबर होते. पण खोलीवर परतताना बरे वाटत नव्हते. म्हातारी "थंडीनं मेले तरी" म्हणाली, हे वाक्य पायात काटा रुतावे तसे रुतले. मी माझी जुनी चादर तिला नेऊन दिली. तिने घेतली नाही.

मंगळवार, ८ जानेवारी १९७४

घरून पत्र. अव्वाच्या सांगण्यावरून चुलत भावाने लिहिले आहे.

"आपल्या घरी सगळे खुशाल. गेल्या आठवड्यात मोठे काका, धाकटे काका, तुझे आप्पा आणि आजी यांच्या चुली वेगळ्या झाल्या. तुझ्या ओळखीचा कोणी सर्वेक्षक आपल्याकडे येणार असल्यास कळवणे. सगळे मिळून वाट बघत आहोत."

आज ऑफिसात काम झाले नाही. साहेबांनी विचारले तेव्हा पत्र त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि खुर्ची खिडकीकडे फिरवली. माझ्या घरच्या दुःखात ते किती सहभागी होतात, हे मी विसरणार नाही.

मी त्यांना म्हणालो, या सगळ्यावर उपाय एकच. लोकांपुढे आदर्श ठेवला पाहिजे. संगप्पाच्या चाळीत एक घर अजून शाबूत आहे, आपण त्याचा सत्कार करू. आणि गोजरबाईंची सगळी हकीकत सांगितली. टरफले, कुत्रे, सुनेचे ते नळावरचे बोलणे, "थंडीनं मेले तरी".

या वेळी साहेबांनी खुर्ची फिरवली नाही. "कुत्रं दिसलं का?" एवढेच विचारले.

"नाही, साहेब."

"रविवारी भोगी आहे. त्या दिवशी प्रत्येक चुलीवर भोगीची भाजी शिजलीच पाहिजे. भोगीलाच जाऊ. आणि त्या घरी निरोप द्या, साहेब जेवायला येतो आहे. घरातली सगळी माणसं पंगतीला हवीत."

रविवार, १३ जानेवारी (भोगी)

सविस्तर लिहितो.

सकाळी दहाला साहेबांबरोबर चाळीत शिरलो तर समोरचे दिसेना. एकेचाळीस चुली एकदम पेटलेल्या! अंगणात धुराचे ढग. माणसे, पोरे, साहेब, मी, सगळ्यांच्या डोळ्यांतून धारा. मला क्षणभर वाटले, लोकांना पश्चात्ताप झाला.

बजाबाईंकडे तिन्ही चुलींवर बाजरीची भाकरी, पण भाजी एकीवरच. साहेब म्हणाले, "बाकी दोन?" बजाबाई म्हणाल्या, "शिजतीया की, जरा दम धरा." आम्ही नागम्माकडे जाऊन परत आलो तर दुसरीवर भाजी होती. साहेबांनी चमच्याने चाखली. "वा. हीच भाजी मी मघाशी नागम्मांकडे खाल्ली. तिथं बोरं दोन जास्त होती."

"गाव एक, चव एक, सायेब," बजाबाई म्हणाल्या. तेवढ्यात मागच्या खिडकीतून कोणीतरी एक पातेले आत देत होते. साहेब दिसताच पातेले परत गेले. भांडलेली माणसेही सणाला देवघेव सोडत नाहीत, हे मी साहेबांच्या लक्षात आणून दिले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मग आम्ही शेवटच्या खोलीकडे गेलो. मागे सगळी चाळ.

भीमाने सदरा इस्त्रीचा घातला होता. चेहरा मात्र फाशी जाणाऱ्यासारखा. विजयमाला चुलीपाशी, मान खाली. गोजरबाई दाराबाहेर उभ्या, धुतलेले लुगडे नेसून. मी म्हणालो, "साहेब, हेच ते कुटुंब."

"आजी, बसा की," साहेब म्हणाले. "रोज बसता तिथंच बसा."

म्हातारी उंबऱ्याआत आली आणि थांबली. इकडे बघितले, तिकडे बघितले. मांडणी कुठे, पाट कुठे, तिला सापडेना. नात म्हणाली, "आज्जी, तू हितं कशी आलीस?" भीमाने तिला गप्प केले. पोर जरा मंद असावी, असे मला तेव्हा वाटले.

विजयमालाने उठून पाट मांडला. सासूच्या पुढ्यात ताट ठेवले, तीळ लावलेली भाकरी, भाजी, लोण्याचा गोळा. गोळा साहेबांच्या ताटात लहान होता, म्हातारीच्या ताटात मोठा. दारात वीस-पंचवीस माणसे टाचा उंचावून बघत होती. गोजरबाईंनी पहिला घास घेतला, हळूहळू चावला.

"मीठ कमी हाय."

भीमाचा हात तोंडाजवळ थांबला. दारात बजाबाई पुटपुटल्या, "आरं देवा, परत त्येच! ह्याच्यावरनंच तर समदं झालं हुतं."

विजयमालाने मिठाचे भांडे उचलले. वाटले, आता आपटते. तिने चिमूटभर मीठ सासूच्या ताटाच्या कडेला ठेवले आणि तिथेच खाली बसली. "आसंल कमी," ती म्हणाली. "दोन वर्सं झाली, मला सांगाय कुनी नव्हतं."

म्हातारी भाकरीकडे बघत राहिली. नाकाचा शेंडा लाल झाला होता.

मी म्हणालो, "दोन वर्षं? पण तुम्ही तर..." साहेबांनी मांडीला असा चिमटा काढला की अजून दुखते आहे.

जेवण झाल्यावर साहेबांनी खिशातून पेन काढले. "आजी, एकच प्रश्न. कागदावर काय लिहू? चूल एक का दोन?"

तेव्हा मला कळले. टरफले, कच्ची भाकरी, नसलेले कुत्रे. कान गरम झाले. चाळीत खरीखुरी वेगळी चूल एकच होती आणि तिलाच मी चिठ्ठी दिली नव्हती. (म्हणजे, बाकीच्याही वेगळ्या आहेतच. पण ही दोन वर्षांपूर्वीची.)

"दोन लिवा," विजयमाला म्हणाली.

"एक लिवा," गोजरबाई म्हणाल्या.

"दोन! त्या पत्र्यात गारठून मरायचंय का तुमास्नी?"

"मरीन! पर माज्या ल्योकाच्या नावाला बट्टा न्हाय लावायची!"

"ल्योकाचं लई पडलंय! आन मला रोज भिंतीतनं खोकला ऐकू येतोय त्याचं काय? मला घास गोड लागतोय का?"

"मंग हाक का न्हाय मारलीस?"

"तुमी का न्हाय आलासा?"

"मी मोटी का तू?"

"मोट्या हायसा तर मोट्यावानी वागा की!"

आवाज पत्र्याला भिडले. नात रडायला लागली. भीमा मधे पडला तर दोघींनीही त्याला "तू गप बस" म्हणून खाली बसवले, आणि मग दोघी एकदमच रडायला लागल्या. मी आयुष्यात असले भांडण ऐकले नाही. दारातल्या बायका मात्र हसत पण होत्या आणि डोळेही पुसत होत्या. धूर तर केव्हाच गेला होता.

साहेबांनी शांतपणे लिहिले: चुली दोन.

"मी एक सांगितलं हुतं," म्हातारी म्हणाली.

"आजी, या चाळीत एकेचाळीस चुली बघितल्या," साहेब दाराकडे वळून जरा मोठ्याने म्हणाले. "पण भांडण एवढं एकच बघितलं. त्याला चिठ्ठी नाही द्यायची तर कोणाला द्यायची?"

बजाबाईंनी एकदम पदर डोक्यावर घेतला आणि मागच्या मागे निघून गेल्या.

परत येताना मी विचारले, "साहेब, बाकीच्या घरांचे काय करायचे? काही समेट?"

"दहा माणसांना पाच लिटर पुरतं का, बिराजदार?"

"नाही."

"मग भांडू द्या त्यांना. फेब्रुवारी संपला की आपोआप मिटेल सगळ्यांचं. तुमच्या घरचंही."

किती आशावादी माणूस! मला एवढी खात्री वाटत नाही, पण ऐकून धीर आला.

सोमवार, ४ फेब्रुवारी

फेब्रुवारीच्या चिठ्ठीआधी चुलींची फेरतपासणी असते. चूल चालू असेल तरच चिठ्ठी. इतरांच्या चालू आहेत, ओल्या आणि स्वच्छ.

शेवटी गोजरबाईंच्या आडोशात गेलो. कोनाड्यातला स्टो नव्हता, तो विजयमालाच्या खोलीत फरफरत होता. पोते नव्हते. म्हातारीही नव्हती. तीन दगड होते, पण राख गार, आणि राखेत नागम्माची कोंबडी अंडी उबवत बसलेली. मी खात्रीसाठी हात घातला तर तिने बोट फोडले.

पलीकडून आवाज आले. "तिखाट किती घातलंस गं?" "खाऊन बगा की आदी!"

मी कळवळून ओरडलो होतो, ते ऐकून भीमाची मुलगी धावत आली. "आज्जी जेवाय बसलीया. काय पायजे?"

मी म्हणालो, काही नको.

नियम स्पष्ट आहे. चूल बंद असेल तर चिठ्ठी रद्द, कुटुंब एकात धरावे. मानसिंगसाहेब म्हणाले होते, दिसेल ते लिहा. मी दगडावर बसलो, मांडीवर कागद घेतला. कोंबडी माझ्याकडे बघत होती. बोटातून रक्त येत होते, त्याचा एक थेंब कागदावर पडला, तो पुसला.

लिहिले: गोजरबाई, चूल वेगळी, चालू स्थितीत, समक्ष पाहिली. खाली गोल शिक्का मारला आणि सही केली.

नोकरीत पहिल्यांदाच खोटे लिहिले. अक्षर चांगले आले आहे.